सुखदेवदादांची एकट्याची रेकॉर्ड

गायन पार्टीत गाणी कमी आणि किस्से जास्त जमतात. गाणी लोक विसरतात, किस्से मात्र दर भीमजयंतीला थोडे वाढूनच परत येतात. आमच्या कामरगावच्या पार्टीचे निम्मे किस्से सुखदेवदादांचे, आणि त्यातले बरेचसे त्यांच्या रेकॉर्डचे. मी पार्टीत ढोलकीवर होतो, म्हणून सगळे जवळून पाहिले.

दादा म्हणजे सवाल-जवाबातला पट्टीचा गडी. यमकाला यमक असं जोडायचे की समोरच्याला श्वास घ्यायला जागा नसायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्यांची उमर तेव्हा पन्नाशीच्या पुढे. नागपूरच्या एका रेकॉर्ड कंपनीने त्यांना बोलावलं, पण एकट्यालाच. पार्टी नको, वाजवणारे आमचे आहेत म्हणाले. आमचे कोरसवाले रुसले. मी रुसलो होतोच, पण दादांचा डबा धरायला कोणी तरी पाहिजे म्हणून गेलो.

स्टुडिओत लाल दिवा लागला. दादांनी खाकरून सुरुवात केली, "जयभीम. अध्यक्ष महाराज, मंचावरील मान्यवर, आणि इथं जमलेल्या माह्या मायबहिनींनो..."

काचेपलीकडचा साहेब म्हणाला, "दादा, गाणं फक्त तीन मिनिटांचं आहे."

"मंग मान्यवर कवा येतीन?"

"कोणी येणार नाही."

दादा माझ्याकडे वळले. "मानसंच नाहीत तं मी कोनाले म्हनू?" शेवटी ऑफिसचा चपराशी आणि गेटवरचा चौकीदार आणून समोर बसवले. तेव्हा कुठे दादांचा गळा मोकळा झाला. रेकॉर्डच्या शेवटी बारीक आवाजात "वा, बहोत खूब" ऐकू येतं, तो चौकीदार.

रेकॉर्ड गावात आली, पण वाजवायची मशीन फक्त रहीमभाई लाउडस्पीकरवाल्याकडे. त्यांनी चौकात भोंगा बांधला आणि घाईत मशीनचा वेग चुकवला. दादांचा आवाज चिमणीसारखा निघाला. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. रहीमभाई घाबरून म्हणाले, "माफ करना दादा, स्पीड ज्यादा हो गई."

दादा डोळे मिटून बसले होते. ते तसेच म्हणाले, "राहू द्या. जवानीत असाच होता माहा आवाज."

घरी वहिनींना त्यांनी मोठ्या आशेने विचारलं, "कशी वाटली रेकाड?"

वहिनी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "तुमच्यापक्षा बरी हाय. हिले बंद करता येते."

आमच्या कोरसमधला नामदेव तर ती रेकॉर्ड ऐकणारच नाही म्हणून हट्टाला पेटला होता. आता दादांना एक सवय. ओळ म्हणून झाली की कोरससाठी थांबायचे. स्टुडिओतही थांबले होते, त्यामुळे रेकॉर्डमध्ये प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी जागा. नामदेव सायकलवरून चौकातून चालला होता. भोंग्यावर ओळ संपली, जागा आली, आणि नामदेवाने सायकलवरूनच खणखणीत "जी जी रे जी" टाकलं.

आम्ही हसलो तसा तो उतरला. म्हणाला, "काय करू? थांबला ना मानूस आपल्यासाठी." मग रेकॉर्ड संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.

वाशीमच्या एका साप्ताहिकात परीक्षण आलं, 'भारदस्त व्यक्तिमत्त्व, रुबाबदार मिशी, डोळ्यांत तेज.' आवाजाबद्दल एक अक्षर नाही. दादा मला घेऊन थेट संपादकांकडे गेले.

"तुमी रेकाड ऐकली का?"

"आमच्याकडे मशीन नाही," संपादक म्हणाले. "कव्हरवरचा फोटो पाहून लिहिलं."

दादांनी उभ्या उभ्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू म्हणून दाखवल्या. आतली छपाई थांबली. पुढच्या अंकात छापून आलं, 'गाणी प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला. फोटो फारच उत्तम आहे.'

पण खरा निकाल लागला तो रिसोडला. तिथले तुळशीराम म्हणजे दादांचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांनी जाहीर केलं की सुखदेवच्या रेकॉर्डमधल्या सवालांना मी भर स्टेजवर जवाब देतो. स्टेजवर मशीन ठेवली, समोर खुर्ची टाकून तुळशीराम बसले. दादा आमच्यासोबत प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत.

पहिल्या सवालाचा जवाब तुळशीरामांनी असा दिला की टाळ्या पडल्या. दुसऱ्याला शिट्ट्या. दादांचा चेहरा उतरला. ते हळूच मला म्हणाले, "मी तिथं असतो तं पलटून बोललो असतो. रेकाड काय बोलीन?"

तिसरा सवाल लागला, "सांग शाहिरा, पान्याले जात हाय का?" आणि तिथेच सुई अडकली. "हाय का? हाय का? हाय का?"

तुळशीरामांनी पाठ करून आणलेलं कडवं म्हटलं. मशीन म्हणाली, "हाय का?"

त्यांनी जागच्या जागी दुसरं रचलं. मशीन, "हाय का?"

तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज फाटला, आणि आता मशीनसोबत सगळा मांडवही विचारू लागला, "हाय का? हाय का?"

मशीनवाला सुई उचलायला धावला. दादांनी खालूनच हात केला. "राहू द्या हो. मानूस इचार करून राह्यला."

तुळशीरामांनी रुमालाने तोंड पुसलं. मग खुर्चीवरून उठले, मशीनपुढे हात जोडले आणि म्हणाले, "नाही बा. नाही."

आणि सुई पुढे सरकली.