ओढ्याला पाणी आहे तोवर

अमेरिकेची पहिली पन्नास वर्षे कोरेगाव तालुक्यात बसून जगलेला माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा चुलता होता. पहिल्या महायुद्धात ते हवालदार म्हणून बसऱ्याला गेले, पायात गोळी घेऊन इस्पितळात पडले आणि तिथल्या कुणा अमेरिकन पाद्र्याने त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिले. त्या देशाचा आरंभीचा इतिहास. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, शेवटची पाने नव्हती आणि हवालदारांना इंग्रजी जेमतेम हुकूम समजण्यापुरते येत होते. पण हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडणे त्यांच्या रक्तातच नव्हते. पेन्शनीत आल्यावर शब्दकोश मांडीवर घेऊन आठवड्याला एक पान या चालीने त्यांनी ते वाचायला घेतले. त्यामुळे सारे जग बेचाळीस सालात असताना हे अजून अमेरिकेच्या चौथ्या अध्यक्षापाशी होते. कुणी ताज्या लढाईची बातमी सांगायला आला की म्हणायचे, "थांब गड्या, आजून त्यांची राजधानी जळतीया."

अध्यक्षांची नावे जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी सगळ्यांना नंबर दिले होते. पयला त्यांचा फार लाडका, कारण दोनदा गादीवर बसून तो आपणहून शेतावर परत गेला. "आपल्या पाटलाला जमंल का?" असे त्यांनी एकदा चावडीवर विचारले, तेव्हापासून पाटील त्यांच्या दारावरून जाईनासा झाला. तिसऱ्याने अर्ध्या देशाएवढा मुलूख न बघता विकत घेतला हे वाचल्यावर त्यांनीही बाजारात न जाता, नुसत्या वर्णनावर एक बैल घेतला. तो बैल दारात आला, बसला आणि बेंदराच्या सणाला पोळी खायलासुद्धा उठला नाही. इंग्रजांनी राजधानी जाळली, तेव्हा अध्यक्षाच्या बायकोने पळताना आधी पहिल्याची तसबीर वाचवली, हे त्यांना इतके भिडले की आपले घर पेटले तर काय उचलशील, असे त्यांनी चुलतसासूबाईंना विचारले. "पिठाचा डबा," त्या म्हणाल्या. हवालदार दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, त्येंनी इंग्रजाला दोनदा हाकललं. आपलं एकदाच ऱ्हायलंय. लय अवघड न्हाई."

मी सांगलीच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. सुट्टीत सासुरवाडीला गेलो की अडलेली पाने मला सोडवून द्यावी लागत. अशाच एका सुट्टीत त्यांना पुस्तकात एक करार सापडला. तिथल्या मूळच्या रहिवाशांना सरकारने लिहून दिले होते की, ओढ्याला पाणी वाहील आणि गवत उगवेल तोवर ही जमीन तुमची. हवालदार उठून उभेच राहिले. दरसाल दिवाळीनंतर आटपाडीकडचे मेंढके आमच्या सासऱ्यांच्या रानात उतरत. मेंढरे शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचे, बदल्यात धान्य आणि दिवसा पश्चिमेच्या माळावर चराई, असा जुना रिवाज होता. माळ दोघा भावांचा सामाईक. हवालदारांनी ठरवले की हा रिवाज कागदावर आला पाहिजे. थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यांनी रीतसर सहीला बसवले. त्या वेळी माळाला किंमत नव्हती, त्यांनी हसत सही केली. पुस्तकातले ते वाक्य मी मराठीत उतरवले, माझ्या वळणदार अक्षरात लिहिले. मेंढक्यांच्या म्होरक्याने अंगठा उठवला आणि आपल्या रीतीने बिरोबाचा भंडारा उचलून शपथही घेतली.

चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही. मी कृष्णाकाठचा, नदी आटते हे मला ठाऊकच नव्हते. पण हवालदार तर माळाखालच्या ओढ्यात लहानाचे मोठे झालेले, आणि आमचा ओढा दरसाल होळीला कोरडा पडतो.

तीन वर्षे सुखाची गेली. मग गुळाला भाव आला, सासऱ्यांनी विहिरीवर तेलाचे इंजिन बसवले आणि त्यांची नजर माळाकडे वळली. एका चैत्रात त्यांनी तो कागद काढला, माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि आम्हा दोघांना ओढ्यावर नेले.

"दावा पाणी," ते म्हणाले. नुसते गोटे होते. "न्हाई नव्हं? मग कागद सपला. सोमवारी माळावर नांगर घालतो. ऊस करायचा हाय."

 संध्याकाळी हवालदार पुस्तक घेऊन माझ्यापुढे बसले. "ह्ये पान वाचा. माझं इंग्रजी चुकत आसंल." मी वाचले. त्यांचे इंग्रजी चुकले नव्हते. करार मोडला होता, आणि त्या माणसांना, बायकापोरांसकट, नदीपार हाकलून दिले होते. "शबुद आदीच्यांनी दिला, मोडला सातव्यानं," ते म्हणाले. "मोठी मानसं हुती वो." घरातल्या कुणी चोरी केल्यासारखी त्यांची मान खाली गेली होती. मग त्यांनी पुस्तकात कडुलिंबाची डहाळी खूण म्हणून घातली आणि ते फळीवर ठेवून दिले. "त्येंनी मोडला. आपुन न्हाई मोडायचा."

सोमवारी सासरे बैल घेऊन आले तर हवालदार आधीच ओढ्यात उभे. खांद्यावर घागर, तीही सासऱ्यांच्याच विहिरीवर भरलेली. त्यांनी ती गोट्यांवर ओतली. पाणी चार हात धावले आणि मुरले.

"दादा, वाहतंय बग."

"ह्याला वाहनं म्हंत्यात व्हय?"

"किती वाहावं ते कागदात न्हाई. इचार जावईबापूंना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एकीकडे सासरा, दुसरीकडे माझेच अक्षर. मी म्हणालो, "नाही लिहिलेले." आयुष्यात मी केलेले धाडस म्हणाल तर एवढेच. सासऱ्यांनी बैल फिरवले. तसे ते शब्दाला शब्द लावून भांडणारे, पण सही त्यांचीही होती.

मग रोज सकाळी दोन घागरी. साठी उलटलेली, गोळी लागलेला पाय, तरी एक दिवस चुकला नाही. गाव पोट धरून हसे. म्होरक्या एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "आवं हवालदार, आमी वततो की पानी." त्याला त्यांनी घागरीला हात लावू दिला नाही. "शबुद मी दिलाय. तुमी वतलं तर ती भीक हुईल."

वैशाखात तो पाय सुजला, ताप चढला आणि हवालदार अंथरुणाला खिळले. मी सांगलीहून भेटायला आलो. आता नांगर चालणार, हे मी धरून चाललो होतो. सकाळी ओढ्यावर गेलो तर सासरे समोरून येत होते. जन्मात कधी पाणी न वाहिलेला तो माणूस घागर खांद्यावर घेऊन वाकडा चालत होता, निम्मे पाणी सदऱ्यावर. त्यांनी घागर ओतली, मला पाहिले आणि म्हणाले, "बगताय काय? त्येला सांगू नका. आन ह्ये ह्या सालापुरतंच."

मी घरी आलो. हवालदारांनी डोळे उघडले. "वढा?"

"वाहतोय," मी म्हणालो.

त्यांनी दाराकडे बोट केले. मग म्हणाले, "दारातनं वली रेघ गेलीया. दादाला घागर धरता येत न्हाई."

त्या पावसाळ्यातच ते गेले. पुढे इंग्रजही गेला, त्यांचे ते 'एकदाच' झाले, पण बघायला ते नव्हते. पुस्तक माझ्याकडे आहे. डहाळीच्या पुढची पाने मला वाचता येतात, पण वाचवत नाहीत. त्या हट्टी माणसाची मला फार आठवण येते.

सासऱ्यांचे 'ह्या सालापुरतंच' अजून संपलेले नाही. माळावर मेंढरे आहेत, ऊस नाही. परवाच्या चैत्रात त्यांचा खांदा धरला होता, म्हणून घागर मी घेतली आणि ओढ्यात भसकन उपडी केली. सासरे काठावर काठी टेकून उभे होते.

"हळू वता, जावईबापू," ते म्हणाले. "नुसतं सांडून भागत न्हाई. वाहायला पायजे."