पाचवं नाव

सहादेव गुरुजींची बायको मुक्ताबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, तेव्हा गुरुजींना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मुक्ताबाईंची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला तो एक हुंकार. तहान लागली तरी तोच, कूस बदलायची असली तरी तोच, आणि नवऱ्याचा राग आला तरी तोच. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं बोललेलंच गुरुजी फारसं ऐकत नसत. न बोललेलं कळणं तर दूरच राहिलं.

मग जामखेडातल्या एका ओळखीच्या कंपाउंडरनं भिमाबाईला धाडलं. पन्नाशीची, काटक, मूळची पिंपळदऱ्याची. तरुणपणी गुरुजींनी पिंपळदऱ्याच्या शाळेत सहा वर्षं काढली होती, तेव्हा बाई गावाकडचीच म्हणून ठेवून घेतली. आठवडाभरात तिनं मुक्ताबाईंच्या हुंकाराची बाराखडी बसवली.

"गुरुजी, बाई म्हनत्यात खिडकी लावा."

"एवढ्याशा ऊंमध्ये खिडकी कुठनं आली?"

"तुमी मास्तर लोक पुस्तकात बघता. म्या तोंडाकडं बघते."

मुक्ताबाई डाव्या गालानं हसल्या. आजार झाल्यापासून घरात कोणी हसलं ते तेव्हाच.

पुढं पुढं मुक्ताबाई भिमाबाईच्याच हातानं जेवू लागल्या. दुसऱ्यानं घास पुढं केला की तोंड फिरवायच्या; सून निकिता पुण्याहून आली होती, तिचाही फिरवला. पिंपळदऱ्याला असताना याच मुक्ताबाईंनी भिमाबाईच्या वस्तीतल्या माणसांसाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला होता. कपाचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. एकीला वाचा नव्हती, दुसरीला वेळ नव्हता.

अशी दीड वर्षं गेली. शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर पुण्यात कुठंतरी कामवाल्या माणसानं एका म्हातारीला लुटलं आणि पेपरात रकानेच्या रकाने आले. मुलाचा, हर्षलचा, फोन आला.

"बाबा, भिमाबाईंचं पोलीस रेकॉर्ड तपासलंय का? आमच्या सोसायटीत तर फॉर्मच वाटलेत."

"अरे, दीड वर्ष झालं तिला."

"म्हणजे दीड वर्ष तपासलं नाही."

गुरुजींना हे पटलं. हाच त्यांचा स्वभाव होता. दीड वर्ष डोळ्यांसमोर वावरणाऱ्या माणसापेक्षा शिक्का मारलेल्या कागदावर त्यांचा अंमळ जास्त विश्वास. दाखला आला की मुलाचं तोंड बंद होईल, असा त्यांनी विचार केला. ठाण्यावर बन्सी हवालदार होता, गुरुजींचा जुना विद्यार्थी. त्याच्याकडं नाव, वय, गाव देऊन आले. भिमाबाईला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण ती काही चौकशीची रीत नव्हे.

चौथ्या दिवशी बन्सीनं बोलावलं.

"बसा गुरुजी. चहा सांगतो."

"चहा सांगतोस म्हणजे काहीतरी निघालेलं दिसतंय."

"दरोडा निघाला."

गुरुजी हसले. बन्सी हसला नाही. तो गणवेशात होता. त्यानं जुनं रजिस्टर उघडलं. मार्च त्र्याहत्तर, पिंपळदरा, रेशन दुकानातून मिलो ज्वारीची तीन पोती लुटली, आरोपी पाच बाया, पाचवी भिमाबाई भ्रतार कचरू. रजिस्टरासोबत टाचणीनं लावलेली लेखी फिर्याद होती. गुरुजींनी ती हातात घेतली. अक्षर वळणदार होतं, समास सोडलेला होता आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सबंध पिंपळदऱ्यात त्या वेळी असं लिहिणारा एकच माणूस होता.

वाढप्याला कोणी काय खाल्लं ते आठवत नाही, तसे गुरुजींना आपण लिहून दिलेले अर्ज आठवत नसत. पण हा आठवला. दुष्काळाच्या त्या वर्षी दुकानदार भर दुपारी शाळेत आला होता. चार बायांनी पोती ओढून नेली, त्यांची नावं त्यानं सांगितली, ती गुरुजींनी लिहिली. मग तो म्हणाला, "वकील म्हनतो चौघी म्हंजे नुसती जबरी चोरी. पाच झाल्या की दरोडा. एक नाव वाढवा."

"कुणाचं?"

"कुनाचं का असंना. जिच्यासाठी कुनी भांडाया येनार न्हाई अशी बघा."

टेबलावर हजेरीपट उघडा होता. दुसरीतल्या एका पोराचा बाप कचरू. गुरुजींनी पोराच्या आईचं नाव लिहिलं. त्यांचं तिच्याशी वैर नव्हतं. टाक शाईत बुडवलेला होता, इतकंच. जूनमध्ये त्यांची बदली झाली.

"निर्दोष सुटल्यात पण त्या," बन्सी म्हणाला. "शेवटच्या रकान्यात बघा."

"हर्षलला मी सांगतो सावकाश."

"त्याला कळलंय की. एका बाकावरचे आम्ही. त्यानं कालच थेट फोन करून विचारलं, मी सांगून टाकलं."

रविवारी हर्षल आणि निकिता गाडी करून आले. येताना पुण्याच्या एजन्सीकडून छबूबाई नावाची बाई घेऊन आले. तिचा पोलिसांचा दाखला प्लॅस्टिकमध्ये घातलेला होता.

भिमाबाई मुक्ताबाईंना भरवत होती. हर्षलनं तिला बाहेर बोलावलं. तो ओरडला नाही. शिकलेला मुलगा.

"तुमच्यावर दरोड्याची केस होती, हे तुम्ही सांगितलं नाही."

"कुनी इचारलं न्हाई, दादा. म्या तिथं नव्हतेच. रोडच्या कामावर खडी फोडीत हुते. कोन जानं कुनी माजं नाव घातलं. धाकटी अंगावर पीत हुती. एकोनीस दिसांनी सोडलं तवर माजं दूध आटलं हुतं."

निकितानं मान खाली घातली. हर्षल म्हणाला, "असेल. पण उद्या काही झालं तर लोक म्हणतील, माहीत असून ठेवली."

भिमाबाईनं गुरुजींकडं पाहिलं. तिला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. घरातलं वडीलधारं माणूस दोन शब्द बोलेल, एवढ्याच आशेनं पाहिलं. गुरुजींच्या घशाशी एक वाक्य आलं होतं. ते म्हणाले, "निर्दोष सुटलीय ती."

"सुटली म्हणजे केलंच नाही, असं नसतं बाबा," हर्षल म्हणाला, आणि विषय संपला.

भिमाबाई आत गेली, अर्धी राहिलेली वाटी तिनं पुरी भरवली, पदरानं मुक्ताबाईंचं तोंड पुसलं आणि गेली.

छबूबाई वाईट नव्हती. वेळेवर औषध द्यायची, चादर ताणून घालायची. मुक्ताबाईंनी तिच्या हातचा घास घेतला नाही. पहिल्या दिवशी हुंकार देत राहिल्या, दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवसापासून हुंकारही बंद झाला. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, "पोटात काहीतरी जाऊ द्या, गुरुजी." गुरुजींनी स्वतः दुधात भाकरी कुस्करून पाहिली. मुक्ताबाईंनी भिंतीकडं तोंड केलं.

पाचव्या दिवशी गुरुजी भिमाबाईच्या घरी गेले. ती ज्वारी पाखडत होती. तिनं उठून सतरंजी टाकली. ते बसले नाहीत.

"भिमाबाई, ते पाचवं नाव मी लिहिलं होतं. दुकानदारानं सांगितलं, मी लिहिलं."

सूप थांबलं. ती म्हणाली, "बाई जेवल्या का?"

"नाही. पाच दिवस झाले."

"म्हंजे बाई जेवत न्हाईत म्हनून सांगाया आलात."

ते खरं होतं.

"मला हर्षलदादांनी दरवडेखोर म्हनून काडलं," ती म्हणाली. "त्यांना सांगा. तुमच्या तोंडानं. त्यांनी बोलवलं की त्याच पावली येते. बाईंसाठी येते, तुमच्यासाठी न्हाई."

गुरुजींनी घरी येऊन पुण्याला फोन लावला.

"आई कशी आहे?" हर्षलनं विचारलं.

"जेवत नाही."

"सवय होईल. अजून काही?"

"नाही, काही नाही."

तोंडानं जमेना म्हणून त्यांनी कागद घेतला. पहिला मसुदा फार लांब झाला. दुसऱ्यात दुकानदाराचा दोष जास्त आला, तो त्यांनी फाडला. तिसऱ्यात 'माझ्या हातून लिहिलं गेलं' असं वाक्य होतं, ते खोडून 'मी लिहिलं' असं करायला एक सबंध दिवस गेला. चौथी प्रत सोमवारी टपालात टाकली.

गुरुवारी सकाळी मुक्ताबाई गेल्या. हर्षल आणि निकिता दुपारपर्यंत पोचले. पोस्टमननं गुरुजींचं पत्र पुण्यातल्या त्यांच्या बंद दाराखालून सरकवलं, ते त्याच दिवशी. अंगणात बायका जमल्या होत्या. भिमाबाई आली, कोणाशी बोलली नाही. मुक्ताबाईंच्या उजव्या हाताची वळलेली मूठ तिनं एकेक बोट करून उलगडली, हात सरळ ठेवला आणि आल्या वाटेनं गेली.

तेरावं झाल्यावर हर्षल पुण्याला परतला. त्या संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, तुमचं पत्र वाचलं."

"हं."



"मग," हर्षल म्हणाला, "बोलवा भिमाबाईंना परत."

"कोणासाठी?" गुरुजींनी विचारलं.