सदाचा सोनटक्का

थळच्या सदा कोळ्याने उभ्या जन्मात बायकोला एक फूल आणून दिलं नव्हतं. कंजूष होता म्हणून नव्हे, बापड्याला सुचलंच नाही. सुरमई आणली, पापलेट आणलं, एकदा तर जाळ्यात अडकलेला प्लॅस्टिकचा हत्तीही आणला. फूल मात्र नाही. नलूबाई आपली वेणी आपणच अलिबागच्या बाजारातून आणायची आणि अंबाड्यात खोवायची, आणि सदाला ती दिसायचीही नाही.

मग गुडघे कुरकुरायला लागले. होडी मुलाच्या, विनेशच्या हाती गेली आणि सदा घरी बसला. घरी बसलेला कोळी म्हणजे वाळूवर ओढलेली होडी. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येते. नलूबाई एका लग्नाला दिवेआगरला गेली होती, तिथल्या वाडीतून तिने सोनटक्क्याचा एक कंद आणला होता. नवऱ्याला काहीतरी उद्योग हवा म्हणून तिने तो त्याच्या हातावर ठेवला आणि न्हाणीमागे लावायला सांगितलं. न्हाणीचं पाणी आयतं मिळेल, एवढाच तिचा हिशोब.

सदाने तो कंद लावला आणि त्या दिवसापासून त्याला जणू दुसरा मुलगा झाला.

आता थळमध्ये राहून खताची काय वाण? खताचा भलामोठा कारखाना गावाला लागूनच आहे. पण सदाचा विश्वास कोळंबीच्या सालांवर. शेजारपाजारच्या सगळ्या सालांचा तो मालक झाला. सोनटक्का चढला, सदाच्या डोक्यावरून गेला, न्हाणीच्या कौलांना भिडला. वारा लागू नये म्हणून सदाने त्याला डोलकाठीसारखे चारी बाजूंनी दोर बांधले, खुंट्या ठोकल्या, आणि सवयीने शेंड्याला एक लाल बावटाही लावला. सालांच्या वासाने आळीतली झाडून सगळी मांजरं बुंध्याशी मुक्कामाला आली. पानं अशी की एकेका पानात बोंबील गुंडाळावा. फुलाचा मात्र पत्ता नाही.

शेजारीण गोदूबाई बाजारात मासळी विकायची. तिच्या जिभेपुढे कोयतीची धार बोथट. ती रोज कुंपणावरून डोकावायची आणि विचारायची, होडी कधी पाण्यात सोडणार? एक दिवस सदाचं डोकं फिरलं.

"गोदूबाय, नारली पुनवेला माज्या दारचा सोनटक्का नलूच्या अंबाड्यात दिसंल. ऐकून ठेव."

"आन न्हाय दिसला तर?"

"तर तुज्या जागेवर बसून दिसभर मासली विकीन."

आळी कुंपणाशी गोळा झाली. कोळ्याने मासळी धरायची आणि कोळणीने विकायची, ही रीत. भाव करणं हे कोळ्याचं कामच नव्हे. पुरुषमाणूस पाटी पुढ्यात घेऊन बाजारात बसणार म्हणजे लोक रेवसहून बघायला येतील. विनेशने कपाळाला हात लावला. त्याला होडीवर चार माणसांत तोंड दाखवायचं होतं.

सदाने सालं दुप्पट केली. पानंही दुप्पट झाली.

शेवटी वासाने नलूबाईचा जीव कावला. जावयासारखं कोंबलंत तर ते झोपणारच, फुलणार कशाला, असं म्हणून तिने सालांची बादली खाडीत नेऊन ओतली आणि पुन्हा न्हाणीमागे एक साल टाकायचं नाही अशी ताकीद दिली. आणि काय सांगावं, पुनवेच्या दोन दिवस आधी शेंड्याशी हिरवं कणीस दिसलं, त्यातून पांढऱ्या कळ्या डोकावल्या. सदा त्या कणसाला नमस्कार करून आला.

पुनवेला पहाटेच तो स्टूल टाकून समोर बसला. कोळ्याचं सगळं पहाटे, तेव्हा फूलही पहाटेच उमलणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. सूर्य वर आला. कळ्या मिटलेल्याच. जेवणाची वेळ झाली तरी मिटलेल्याच. नवं लुगडं नेसून नलूबाई बाहेर आली आणि तिला नवऱ्याची दया आली.

"अवो, सोनटक्का दिवेलागणीला उमलतो. तुमाला ठावं न्हाय?"

कसं ठाऊक असणार? आयुष्यभर दिवेलागणीला सदा समुद्रात.

आता आली पंचाईत. सोन्याच्या नारळाची मिरवणूक चारला निघणार. दिवेलागणीपर्यंत थांबावं तर सगळं गाव किनाऱ्यावर आणि नलूबाई बोडक्या अंबाड्याने त्यांच्यात. सदाने एकदा कळ्यांकडे बघितलं, एकदा कोयत्याकडे.

मिरवणुकीत पुढे बँडवाले, मग पालखीत नारळ, मग नाचणाऱ्या बायका, आणि त्यांच्यामागे हातगाडीवर पाण्याची बादली, बादलीत दोन पुरुष उंचीचा सोनटक्का, शेंड्याला लाल बावटा. बावटा काढायचा राहूनच गेला होता. विनेश गाडी ढकलत होता आणि ओळखीचं कुणी दिसलं की तोंड फिरवत होता. सदा बुंधा दोन्ही हातांनी धरून गाडीवर उभा. विजेची तार आली की "वाकवा" म्हणून ओरडायचा आणि अर्धी मिरवणूक उगाचच वाकायची. बँडवाल्यांना तो नवसाचा झेंडा वाटला, त्यांनी त्याच्यासमोर वेगळी एक धून वाजवली.

किनाऱ्यावर पूजा झाली. ऊन उतरलं, नारळ पाण्यात गेला, आणि त्याच वेळी नलूबाईने मान वर केली. वास आला होता. वर एक कळी सैल झाली होती, मग दुसरी. पांढरी फुलपाखरं बसावीत तशी.

फुलं एवढ्या उंचावर की हात पुरेना. सदाने आख्खा दांडा वाळूवर आडवा केला, गुडघ्यांचा कडकडाट करत खाली बसला, दोन फुलं तोडली आणि सगळ्या गावादेखत बायकोच्या अंबाड्यात स्वतः खोवली. एक तिरकं गेलं. नलूबाईने ते सरळ केलं नाही.

गोदूबाई पुढे आली. दारचा म्हणाला होतास, हा तर किनाऱ्यावर उमलला, म्हणून पैज आपली, असं तिने जाहीर केलं. सगळे नलूबाईकडे बघू लागले.

"तिचं बराबर हाय," नलूबाई म्हणाली. "फूल माजं. पैज तिची."

पुनवेनंतर पहिली मासळी आली त्या दिवशी सदा पाटी घेऊन बाजारात बसला. गोदूबाई शेजारी पाय पसरून, गंमत बघायला. पहिलं गिऱ्हाईक आलं, भाव विचारला. सदाने भाव सांगितलाच नाही, सोनटक्क्याचीच हकीगत सांगितली, पार दिवेआगरच्या लग्नापासून. बाई ऐकून इतकी हसली की सदाने खुशीत तिला दोन बांगडे वर घातले. दुसरीला कंद कबूल केला आणि तीन बांगडे. घटकाभरात भोवती ही गर्दी, गोष्ट ऐकली की बांगडे फुकट ही बातमी सगळ्या बाजारात, आणि पाटी गोदूबाईची.

गोदूबाई घायकुतीला आली. "ऊठ रं बाबा, झाली पैज."

"दिसभर ठरलंय, गोदूबाय," सदा म्हणाला, आणि पुढच्या बाईला जवळ बसवून घेतलं.