मी तासलेला पंखा आणि मिटलेला जबडा

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तोंड उघडा."

मी उघडलं. मला वाटलं, पूर्ण उघडलंय. डॉक्टरांनी आपली दोन बोटं माझ्या दातांमध्ये घालून बघितली. एकच गेलं. मग त्यांनी लाकडाची पातळ पट्टी घेतली आणि घशाच्या मागे नुसती टेकवली. माझे दात कडकन मिटले. पट्टी तोंडात अडकली. सोडायची म्हणून मी जोर करत होतो आणि जबडा आणखी आवळत होता. माझ्या अंगाने माझं ऐकलं नाही, असं त्या दिवसापर्यंत कधी झालं नव्हतं.

पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताचं फडकं बघितलं. "हे कधीचं?"

"नऊ दिवस झाले," माझी मुलगी कुंदा म्हणाली.

"इंजेक्शन घेतलं होतं?"

जावई सुधाकरराव दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

"टिटॅनस आहे," डॉक्टर म्हणाले. "धनुर्वात."

मी चौथीतून शाळा सोडली, पण हा शब्द मला माहीत होता. लहानपणी आमच्या मांडवी बंदरात एका खलाशाला झाला होता. त्याच्या पाठीखालून मांजर जाईल एवढी कमान झालेली मी खिडकीतून बघितली होती. चौथ्या दिवशी त्याला उचलला. डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून मला तो खलाशी दिसला.

हे मी दोन माणसांसाठी लिहितोय. एक, ज्याच्या घरी कोणी परदेशातून वायरलेसवर उडणारं विमान आणलं असेल. दुसरा, जो म्हणतो की एवढंसं कापलंय, त्याला काय डॉक्टर. मी हे दोन्ही एकाच वेळी होतो.

मी होड्या बांधणारा सुतार. चाळीस वर्षं तेच केलं. सुधाकरराव परदेशी जहाजावर इंजिनखात्यात आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात सुट्टीवर आले, कुंदाला घेऊन आमच्याकडे राहायला आले, आणि जपानहून एक विमान घेऊन आले. दोन हात लांब, पुढे लिंबाएवढं इंजिन, त्यावर लाकडी पंखा. खाली सुधाकरराव हातात डबा घेऊन उभे राहत. तार नाही, दोरी नाही, विमान वर ते म्हणतील तिकडे वळायचं.

आम्ही ते वर सड्यावर न्यायचो. तिथे मोकळा कातळ आहे, विजेच्या तारा नाहीत. सुधाकररावांचे नियम फार. आधी कोणाला तरी विमान धरायला लावायचं, डब्याची एरियलची काडी आत सारून साठ-सत्तर पावलं लांब जायचं आणि तिथून विमानाची शेपटी हलते का बघायचं. बघायला आलेल्या माणसांना मागे बसवायचं. विमान माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही. मला हसायला यायचं. आमचा शेजारी दत्तू म्हणायचा, "विमान उडवतंय की मुंज लावतंय हा?"

तिसऱ्या दिवशी दत्तू आणि त्याचे दोघे सोबती सावली बघून पुढच्या करवंदीच्या जाळीपाशी बसले होते. सुधाकररावांनी त्यांना उठवून मागे आणलं. दत्तू कुरकुरत आला. थोड्या वेळाने वरती इंजिन बंद पडलं आणि विमान त्या जाळीतच येऊन शिरलं. दत्तूने तोंडातलं पान थुंकलं आणि गप्प बसला. मी पण गप्प बसायला हवं होतं.

विमान वाचलं, पंखा मोडला. जवळचा जादा पंखा आदल्या दिवशीच कातळावर आपटून गेला होता. आता मुंबईहून मागवायला हवा होता.

मी म्हटलं, मी करतो.

सुधाकरराव म्हणाले, "नको मामा. हा मिनिटाला दहा-बारा हजार फेरे फिरतो. घरचं लाकूड तुटून कोणाच्या डोळ्यात गेलं तर?"

हा 'घरचं' शब्द मला लागला. ज्या हातांनी गलबतांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, बसवली त्यांना वीतभर पंखा येत नाही काय? मी जुना सागवान काढला, मोडका पंखा समोर ठेवला आणि दोन दिवस पडवीत बसून तासला. दोऱ्यावर टांगला तर एका बाजूला केसभर झुकला नाही. कडा अशा काढल्या की अंगठ्याच्या नखावर ठेवला तर नख खरवडलं जायचं.

सुधाकररावांनी हातात घेतला, बराच वेळ बघितला. "काम फार सुंदर आहे मामा. फक्त कडा बोथट करा. कारखान्यातल्या पंख्याच्या कडासुद्धा आम्ही पॉलिशपेपरने मारून घेतो."

मी म्हटलं, "सुधाकरराव, बोथट काम या घरातून बाहेर गेलेलं नाही."

त्यांनी पंखा परत माझ्या हातात दिला. सासऱ्यापुढे जावई किती बोलणार? आमच्याकडे ती रीत नाही. आणि जावयाने शिकवलेलं सासऱ्याने ऐकायचं, ती तर मुळीच नाही.

सड्यावर त्यांनी रबर गुंडाळलेली काठी काढली. इंजिन चालू करताना पंखा त्या काठीने ढकलायचा, बोटाने नाही. मी म्हटलं, माझा पंखा आहे, पहिला झटका मी देणार. काठी घेतली नाही. विमानाच्या पुढे उकिडवा बसलो आणि बोटाने पंखा फिरवला. एकदा, दोनदा, काही नाही. तिसऱ्यांदा इंजिनाने उलटा हिसका दिला आणि ते पेटलं.

दुखलं नाही. आधी आवाज बदलला, मग विमानाच्या पांढऱ्या अंगावर लाल ठिपके दिसले. माझी तर्जनी आणि मधलं बोट हाडापर्यंत उघडलं होतं. धार मीच काढली होती.

सुधाकररावांनी इंधनाची नळी दाबून इंजिन बंद केलं. मागे दत्तू कोणाला तरी म्हणाला, "म्हातारा विमानाशी हात मिळवायला गेला." मी ते ऐकलं. आणि म्हणूनच पुढचं केलं. कातळाच्या खळग्यातली लाल माती उचलली, जखमेत दाबली, वर पंच्याची चिंधी बांधली. कामावर असताना आम्ही असंच करतो. रक्त थांबतं. त्या खळग्यात गुरं बसतात, शेण वाळून मातीत मिसळलेलं असतं, हे मला दिसत होतं. पण दत्तू बघत होता.

"मामा, सरकारी दवाखान्यात जाऊ. एक इंजेक्शन घेऊ," सुधाकरराव म्हणाले.

"सुतार आहे मी. हात कापला नाही असा माझा एक महिना गेलेला नाही."

घरी हळद-चुना लावला. सुधाकरराव तीन दिवस रोज विचारत होते, मी रोज नाही म्हणत होतो. जखमेवर खपली धरली. मी ती खपली त्यांना मुद्दाम दाखवली.

आठव्या दिवशी मान आखडली. वाटलं, उशी वाकडी झाली. नवव्या दिवशी भाकरी चावता येईना. कुंदा म्हणाली, "बाबा, रुसलात काय? घास नुसता तोंडात धरून बसलात." मी बोलायला गेलो तर जबडा निम्मासुद्धा उघडेना. दाढ धरली असेल म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो होतो. पुढचं वर सांगितलं.

दवाखान्यात मला टोकाच्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळं कापड. डॉक्टरांनी कुंदाला आणि सुधाकररावांना समजावलं, मी ऐकत होतो. मातीतले जंतू खोल जखमेत वाढतात आणि विष सोडतात. ते विष नसांत चढतं आणि स्नायू आवळतात. नसांत बसलेलं विष काढता येत नाही, अजून मोकळं आहे तेवढंच मारता येतं. त्यासाठी अँटी टिटॅनस सिरम, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध. ते काहींना सोसत नाही, म्हणून आधी कातडीखाली थेंबभर टोचून बघितलं. मग डिब्राइडमेंट केलं, म्हणजे जखम पुन्हा उघडून मेलेलं मांस कापून काढलं. आतून लाल माती निघाली. तर्जनीचं पहिलं पेरही गेलं. झोपेसाठी आणि अंग सैल पडण्यासाठी सलाईनमधून डायझेपाम चालू केलं. नाकातून रबराची नळी पोटात घातली, तिला रायल्स ट्यूब म्हणतात, तीतून दूध द्यायचे.

"आवाज नको, उजेड नको, उगाच हात लावणं नको," डॉक्टर म्हणाले. "श्वास अडला तर गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल. तयारी ठेवलेली आहे."

ती तयारी माझ्या समोरच्या टेबलावर होती. एका ट्रेमध्ये, हिरव्या कापडाखाली. मला मान वळवता येत नव्हती, म्हणून जाग असेपर्यंत मी तेच कापड बघत राहायचो.

दुसऱ्या दिवशी बाहेर कोणाच्या तरी हातून जेवणाचा डबा पडला. एवढाच आवाज. आणि माझं अंग उठलं.

आम्ही होडीची फळी वाकवतो तेव्हा खालून शेक देतो, वरून पाणी मारतो आणि हळूहळू दाब वाढवतो. कुठवर वाकेल आणि कुठे तडकेल ते हाताला कळतं. माझी पाठ तशी वाकत होती आणि दाब देणारा थांबत नव्हता. टाचा आणि डोकं तेवढं गादीला लागलेलं. मला तडकण्याची जागा कळत होती. श्वास आत जाईना. शुद्ध मात्र पूर्ण होती. या आजारात माणूस बेशुद्ध पडत नाही, सगळं समजतं. ओरडावंसं वाटतं आणि तोंड मिटलेलं असतं. सिस्टरने सुई दिली, मग हळूहळू मी खाली आलो.

पहिल्या झटक्यानंतर मला झटक्याची भीती राहिली नाही. भीती राहिली आवाजाची. दूरवर चप्पल वाजली तरी घाम फुटायचा. ही चप्पल आणखी जवळ येणार काय? दार वाजणार काय?

दार वाजलं नाही. नंतर कुंदाने कारण सांगितलं. सुधाकररावांनी विमानाच्या इंधनात मिसळायचं एरंडेल घरून आणून दाराच्या बिजागऱ्यांना घातलं, कडीला फडकं गुंडाळलं, आणि स्वतः अनवाणी दाराबाहेर बसले. येईल त्याला हात जोडून चपला काढायला लावत होते. मला खोलीत एरंडेलाचा वास यायचा आणि वाटायचं, ते विमान कुठेतरी जवळच आहे.

खोलीत दुसरी खाट होती. तिच्यावर राजापूरकडचे एक गृहस्थ, पायात खिळा गेलेला. आम्ही एकमेकांना बघू शकत नव्हतो. त्यांना झटका आला की त्यांची खाट करकरायची आणि त्या आवाजाने मला यायचा. पाचव्या दिवशी मला जाग आली तेव्हा खोली शांत होती. सिस्टर म्हणाली, "ते घरी गेले आजोबा." तिने मला कुशीवर वळवलं तेव्हा त्या खाटेखाली त्यांच्या वहाणा दिसल्या. मी डोळे मिटून घेतले. आता माझीच पाळी, असं मी धरूनच चाललो. देवाचं नाव घ्यायला गेलो तर मनात फक्त त्या पंख्याची धार येत होती.

दहाव्या दिवसानंतर झटके विरळ झाले. डॉक्टर रोज येऊन माझ्या दातांत बोटं घालून बघायचे. एक. मग दीड. विसाव्या दिवशी दोन गेली. ते म्हणाले, "वाचलात." त्यांनी असं साधं सांगितलं आणि मी लहान मुलासारखा रडलो. रडतानाही झटका येईल म्हणून भ्यालो.

नळी निघाल्यावर मी पहिलं सुधाकररावांना विचारलं, "तुमचं जहाज?"

"गेलं, मामा. दुसरं मिळेल." माझी चादर सारखी करता करता म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला दंडाला धरून न्यायला हवं होतं. जावई म्हणून गप्प बसलो."

"मी येणार नव्हतोच," मी म्हटलं. तेवढं तरी खरं बोललो.

घरी सोडताना डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. मी विचारलं, आता कशाला, होऊन गेला ना? ते म्हणाले, हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. लस घ्यावीच लागते. मी बाही वर केली. पुढच्या दोन तारखा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवल्या आणि दोन्ही पाळल्या.

तर ज्याला विमान उडवायचं असेल त्याने उडवावं. पण पंख्याच्या समोर बसू नये, तो फिरतो त्या रेषेत बाजूलाही नाही. इंजिन काठीने चालू करावं आणि मागून फिरून यावं. पंखा विकतचा घ्यावा, सुताराचा नको. कापलंच तर साबण-पाण्याने धुवावं आणि त्याच दिवशी सुई घ्यावी, मग बघणारे हसोत.

या मे महिन्यात सुधाकरराव पुन्हा आले. विमान आणलं. मी आठ दिवस सड्यावर गेलो नाही. कुंदाला सांगितलं, पाय दुखतात. पाय दुखत नव्हते. मला त्या इंजिनाचा आवाज ऐकायचा नव्हता. मग एका सकाळी गेलो. त्यांनी चुन्याची रेघ मारली होती. म्हणाले, "मामा, रेघेच्या मागे." मी गेलो. दत्तू पुढे रेंगाळत होता, त्याला मी दंडाला धरून मागे ओढला.

सुधाकररावांनी काठी लावली. इंजिन पेटलं. तो आवाज, तो एरंडेलाचा वास. माझी मान ताठ झाली, पाठ आवळली, आता येणार म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. मग उजवा हात वर केला आणि दोन बोटं दातांमध्ये घातली. एक आखूड, एक पूर्ण. दोन्ही गेली. आणखी एक घातलं, तेही गेलं.

सुधाकररावांनी मागे वळून बघितलं. "मामा, शिट्टी मारताय काय?"

मी बोटं काढली नाहीत. मानेनेच हो म्हटलं. मान हलली.