धरणगावची पालकसभा, कापसाच्या बांधावर

माझी कॉलेजातली मैत्रीण मेघा धरणगावच्या एका शाळेत समुपदेशक आहे. "भरीत खायला ये," म्हणाली, म्हणून पुण्याहून निघाले. मुलांच्या मनाचे प्रश्न ऐकायला मी एवढा प्रवास केला नसता.

जळगावहून एस्टीने तासाभरात पोचता येतं, बायकांना अर्धं तिकीट. कापसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर मात्र वेळ जातो. भरीत-पुरी थंडीतच खावी. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा बघितली. 'अ' तुकडीत डॉक्टर-दुकानदारांची मुलं, 'क'मध्ये कापूस वेचणाऱ्यांची. 'क'मधली मुलं स्वतःलाच ढ म्हणायला लागली होती, म्हणून मेघाला तुकड्या मोडून सगळ्यांना मिसळायचं होतं. पण संस्थेचे अध्यक्ष आबा पालिकेच्या निवडणुकीला उभे राहणार होते.

"'अ'चे पालक नाराज होतील मॅडम. 'क'चे तर सभेलाही येत नाहीत," आबा म्हणाले.

सभा सकाळी अकराला, तीही ऐन वेचणीत! मजुरी बुडवून कोण येणार? रजिस्टरमध्ये मात्र दर वेळी शेरा, 'पालक उदासीन'. मला हसू आलं, मेघाला आलं नाही. ती वादातही पडली नाही.

"आबा, उद्याची सभा शेतावर घेऊ, जेवणाच्या सुट्टीत. तुम्ही याच," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कडुनिंबाखाली चाळीसेक आईबाप भाकरीची फडकी सोडून बसले होते. आबा आले, खुर्ची नव्हती, बांधावर टेकले. एका बाईंनी थेट विचारलं, "आबा, आमना पोऱ्या ढ शे का?"

"नाही हो अक्का, कोण म्हणतं?"

"मंग बठ्ठा पोरेस्ले संगे बसाडा ना." सगळ्या पोरांना एकत्र बसवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आबांनी सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. एवढे मतदार एका झाडाखाली त्यांना आयते मिळाले नसावेत. "बघतो," म्हणाले आणि समोर आलेली भाकरी खाल्ली.

प्रवासातलं माझ्याजवळ फारसं काही टिकत नाही, पण त्या अक्कांचा प्रश्न पुण्यात आल्यावरही डोक्यातून जाईना. आठवड्याने मेघाने संस्थेच्या ठरावाची प्रत पाठवली. जूनपासून तुकड्या मिसळणार होत्या. खाली लिहिलं होतं, 'अध्यक्षांच्या संकल्पनेतून'. मेघाचं नाव कुठेच नाही. मला सपाटून राग आला, तसाच फोन लावला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मेघा म्हणाली. "निवडणूक झाल्यावर आबा माझी कल्पना मोडतील. स्वतःची कशी मोडतील?"