रुपल भांडत नाही

रुपलनं गेल्या आठ महिन्यांत एकाही माणसाशी भांडण केलं नव्हतं, आणि या काळजीनं तिच्या आईला, दक्षाला, अन्न गोड लागत नव्हतं.

दुसऱ्या गावात मुलगी अशी निघाली असती तर आईनं पेढे वाटले असते. पण नरपडच्या मासळीवाल्यांच्या घरात जन्मलेली, सव्वीस वर्षांची धडधाकट मुलगी भांडत नाही म्हणजे काय? दक्षा डहाणूच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. मानसशास्त्राचं जुनं पुस्तक तिनं पेटीतून काढून चाळलं. रागीट मुलांवर त्यात आख्खं प्रकरण होतं, न रागावणाऱ्यांवर एक ओळसुद्धा नव्हती.

आणि ही तीच रुपल होती बरं का. चार वर्षांची असताना बाजारात आजीच्या टोपलीपाशी बसायची, तेव्हा पापलेटाच्या डोळ्यात बोट खुपसणाऱ्या गिऱ्हाइकाला तिनं विचारलं होतं, आता तुझ्या डोळ्यात घालू का. सातवीत पंख्यावरून मुख्याध्यापकांशी भांडली, अकरावीत बसवरून डेपोतल्या साहेबांशी. दुसऱ्या दिवसापासून बस नरपडच्या फाट्यावर मुकाट थांबू लागली. तिचा बाप मुकेश होडीवरून परतला की सांगायचा, किनारा नंतर दिसतो, आधी पोरीचा आवाज येतो.

बी.एस्सी. झाल्यावर रुपलला उंबरगावच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथल्या एका मैत्रिणीनं तिला मंत्रध्यानाच्या वर्गाला नेलं. ज्या गुरुजींनी हे ध्यान देशोदेशी पोहोचवलं ते हयात नव्हते, पण त्यांची रीत सोपी होती. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि मिळालेला मंत्र मनातल्या मनात घोळवायचा. तो कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही. रुपलला हे असं मानवलं की वर्षाच्या आत तिनं नोकरी सोडली, पाच महिने डोंगरातल्या आश्रमात राहून शिक्षण घेतलं आणि मंत्र देणारी शिक्षिका होऊनच घरी आली. गावानं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'गुरुमाय' पाडलं. जुनी रुपल असती तर नाव पाडणाऱ्याचं नाक जागेवर राहिलं नसतं. ही नुसती हसली.

तिथून दक्षाची काळजी सुरू झाली. दाखला आणायला रुपल डहाणूला गेली, रांगेत एकामागून एक सात जणांना पुढं जाऊ दिलं आणि कचेरी बंद झाली तशी आनंदात परत आली. स्थळ घेऊन आलेल्या बाईनं मुलगी सावळी आहे म्हणून नाक मुरडलं, तर हिनं तिला पाणी आणून दिलं आणि वर पंखा वाढवला. शेवटी दक्षानं मुद्दाम डाळीत दोनदा मीठ घातलं. मुकेश पहिल्या घासाला उठला. रुपलनं ताट स्वच्छ केलं आणि प्रेमानं म्हणाली, आज भरतीची डाळ होती.

तिच्या ध्यानाची वीस मिनिटं घरात पवित्र झाली होती. मिक्सर बंद, टीव्ही बंद, नळाखाली फडकं. एकदा मुकेशला शिंक आली तर तो नाक धरून परसातून पार रस्त्यापर्यंत पळाला होता.

अशात पोर्तुगालहून पत्र आलं. तिथल्या समुद्रकाठच्या एका लहान गावात ध्यानाचं केंद्र होतं, तिथं शिकवायला रुपल दीड वर्ष येईल का, असं विचारलं होतं. सोबत फोटो होता. वाळूवर जाळ्या मांडलेल्या आणि त्यांवर चिरून उघडी केलेली मासळी उन्हात घातलेली. रुपल तो फोटो दिवसातून दहा वेळा बघायची. दक्षाला मात्र निराळीच चित्रं दिसायची. टॅक्सीवाला भलतीकडं नेतोय, रुपल हसतेय. घरमालकीण निम्म्या रात्री बाहेर काढतेय, रुपल तिला पाणी देतेय. जी पोर स्वतःच्या रांगेत उभी राहू शकत नाही ती परक्या मुलखात कशी टिकणार? दक्षानं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रुपलही आईच्या शब्दासाठी थांबली होती. उत्तर आज रात्रीपर्यंत द्यायचं होतं.

आणि आजच सकाळी तो प्रकार घडला.

गेल्या रविवारी रुपलनं आळीतल्या चार बायकांना मंत्र दिला होता. पुतळीकाकी, तुळशीकाकी, चंद्राकाकी आणि तिची एक नणंद, चौघी पंचावन्न-साठीच्या. रीतीप्रमाणे प्रत्येकीनं फळं, फुलं आणि नवा पांढरा रुमाल आणायचा होता. फळं म्हणून सगळ्यांनी वाडीतले चिकूच आणले. एकेकीला आतल्या खोलीत नेऊन रुपलनं मंत्र दिला आणि बजावलं, हा तुमच्यापाशीच ठेवायचा.

आता, नरपडला होडी आली की मासळीचे वाटे वाळूवर मांडतात, आणि शेजारणीचा वाटा डोळ्यांखालून घातल्याशिवाय कुणी आपला उचलत नाही. त्यात अविश्वास नसतो, हात धुण्यासारखी सवय असते. चौघींनी मंत्राचंही तेच केलं. सकाळी बोंबील वाळत घालता घालता दोऱ्यांखाली डोकी एकत्र आली, चार वाटे उघडे झाले आणि चारही सारखेच निघाले.

रुपल आईला हातभार लावायला आली तेव्हा चौघी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय गो रुपल," पुतळीकाकीनं सुरुवात केली, "चौघींना एकाच टोपलीतला माल दिलास?"

रुपलनं ते नेहमीचं हसू आणलं. "काकी, मंत्र सांगायचा नसतो."

"सांगितला नसता तर कळलं कसं असतं?"

एका वयाच्या माणसांना बहुतेक एकच मंत्र येतो, रुपल शांतपणे समजावू लागली. पण ऐकतं कोण? चंद्राकाकी म्हणाली, रेशनवर तरी निरनिराळी पोती असतात. तुळशीकाकीनं विचारलं, तुझ्या गुरुजींकडं एवढाच साठा उरला होता का. आणि पुतळीकाकी म्हणाली, अडाणी बाया बघून पोरीनं परदेशातला शिळा माल नरपडला खपवला.

दक्षा पाच हातांवर बोंबलांची जोडी दोरीवर टाकत होती. तिनं पाहिलं, रुपलनं ओढणी खांद्यावरून ओढली, कमरेला गुंडाळली आणि करकचून गाठ मारली. ती गाठ आठ महिन्यांनी दिसत होती. दक्षाच्या हातातली जोडी हातातच राहिली.

"चौघी एका वयाच्या, एका आळीच्या," रुपल म्हणाली, आणि तिसऱ्या शब्दाला दोऱ्यांवरचे कावळे उडाले. "चौघींचे गुडघे सारखेच दुखतात, डॉक्टर चौघींना एकच गोळी देतो. ती गिळताना विचारता का, माझी निराळी कुठाय?"

मग जी सुटली ती सुटली. चंद्राकाकी ध्यानात घोरते, ते घोरणं तिनं करून दाखवलं. तुळशीकाकीचा नवा रुमाल मुळात नवाच नव्हता, त्याच्या कोपऱ्यात नवऱ्याच्या नावाचं अक्षर होतं. पुतळीकाकी एक डोळा उघडा ठेवून बोंबलांवर बसणारे कावळे मोजते, असं कुठल्या मुलखात ध्यान होतं? पलीकडच्या वाडीतले लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. होडीवर जाळं शिवत बसलेल्या मुकेशनं मान वर केली आणि त्याचा चेहरा किनारा दिसल्यासारखा उजळला.

पुतळीकाकी कमरेवरचे हात सोडून वाळूत फतकल मारून हसत सुटली. तिच्या मागोमाग तिघी. टोपली कलंडली, बोंबील सांडले, कुणी उचलेना. दक्षा तर दोरीला धरून इतकी हसली की दोरी तुटली.

"घोरते काय मी? खरंच घोरते?" चंद्राकाकी डोळे पुसत विचारत होती. मग पुतळीकाकीनं निर्णय दिला, वाटा सारखा तर सारखा, आता पुन्हा कधी बसायचं ते सांग.

पण रुपल हसत नव्हती. ओढणीची गाठ सोडून ती घरात गेली. तलासरीला उद्या तिचा वर्ग होता, तिथं मैत्रिणीकडं, शितलकडं मुक्काम ठरला होता. पिशवी उचलून दुपारच्याच बसनं ती निघून गेली. दक्षाला वाटलं, दमली असेल. दक्षा दिवसभर तरंगत होती. भाकरी थापताना तिला मध्येच हसू फुटत होतं. टॅक्सीवाल्याचं चित्र पुन्हा डोळ्यांपुढं आलं, तर या खेपेला बिचाऱ्या टॅक्सीवाल्याचीच तिला काळजी वाटली.

संध्याकाळी भाकऱ्या उरकून तिनं फोन बघितला. सात वाजता रुपलचा निरोप येऊन पडला होता. "आई, मी पोर्तुगालला जात नाही. जिला अजून असा राग येतो तिनं लोकांना काय शिकवायचं? आता ध्यानाला बसते. उठले की नकार पाठवते."

दक्षानं घड्याळ पाहिलं. सात वाजून अकरा मिनिटं. नऊ मिनिटांत तलासरीतल्या एका खोलीत तिची लेक डोळे उघडणार होती आणि शांतपणे, हसत, नकार पाठवणार होती. आईला विचारायला ती आता थांबायची नाही, आठ महिने आईनं तिला दुसरं काय दाखवलं होतं काळजीशिवाय?

निरोप लिहावा तर तो ती उठल्यावर वाचील की नकार पाठवून झाल्यावर, याचा भरवसा नाही. मुकेश नुकताच आत आला होता. दक्षानं त्याला निरोप वाचून दाखवला, तर त्यानं पहिल्यांदा घड्याळाकडं आणि मग घाबरून तिच्याकडं पाहिलं. "तिची वीस मिनिटं चालू आहेत," तो कुजबुजला. सवयीनं त्याचा हात नळाखालच्या फडक्याकडं गेला.

रुपल ध्यानाला बसताना वेळ बघायला फोन मांडीजवळ ठेवते, बंद करत नाही, हे दक्षाला पक्कं ठाऊक होतं. या घरात आजवर कुणी ती वीस मिनिटं मोडली नव्हती. मोडली तर पोर दचकेल आणि भडकेल. तलासरीहून नरपडपर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी ओरडेल. ओरडून झालं की मग तिला सांगायचं, अशीच जा. हाच आवाज घेऊन जा.

दक्षाला पुन्हा हसू फुटलं. सात वाजून तेरा मिनिटं झाली होती. तिनं पिठाचा हात पदराला पुसला, फोन कानापासून जरा लांबच धरायचा हे आधीच ठरवलं, आणि रुपलचं नाव दाबलं.