सीलबंद पेटीच्या आत

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला ओमानमधल्या रुवी भागातलं आमचं दुरुस्तीचं दुकान आठवतं. एका दुपारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक ओमानी गृहस्थ भंगारात मिळालेली धातूची जड पेटी घेऊन आले. जुन्या लढाऊ विमानातला तो संगणक होता. "नोकरीभर या पेट्या बदलल्या," ते हिंदीत म्हणाले, "पण उघडायची परवानगी नव्हती. आता आत बघायचंय." मी स्क्रू काढले. आत पंखा नव्हता, कुठे भोकही नव्हतं. धातूच्या जाड पट्ट्यांवर नखाएवढ्या चिप ओळीने बसवलेल्या, जवळजवळ सगळ्या सारख्या. उष्णता या पट्ट्यांतूनच बाहेर जाते, म्हणून भोकं लागत नाहीत आणि वाळू आत शिरत नाही, मी सांगितलं. "आणि सगळ्या सारख्या कशाला?" हा संगणक बनला तेव्हा चिप हा प्रकारच नवीन होता, मी म्हणाले; एकाच तऱ्हेच्या घेतल्या की नीट तपासून घेता यायच्या. ते भिंगातून बघत राहिले. "मग यातली विचार कुठली करते?" मी बोट पुढे केलं आणि थांबले. "एकटी कुठलीच नाही. सगळ्या मिळून." ते हळूच हसले. "मला वाटायचं, आत एखादी मोठी वस्तू असेल." हे सगळं मी कॉलेजात शिकले होते, पण आज वाटतं, मला ते खरं दिसलं त्या दुपारी, त्यांच्या शेजारी वाकून बघताना.